दुहेरी बंध उघडतो तेव्हा : समावेशन अभिक्रियांचा एक अभ्यास

विद्यालयाच्या स्मरणिकेत आठवणी व मनोगतांबरोबर एखादा अभ्यासलेखही असावा, अशी इच्छा संपादक मंडळाने व्यक्त केली. तेव्हा आम्ही विज्ञान शिक्षकांनी रसायनशास्त्रातील एक नेहमीचाच पाठ निवडला. अल्कीन व अल्काइन या संयुगांच्या समावेशन अभिक्रिया हा तो पाठ होय. अनेक माजी विद्यार्थ्यांना तो आठवत असेल. रात्रीच्या अभ्यासिकेत समीकरणे मोठ्याने म्हणत पाठ केल्याचेही स्मरत असेल. पाठांतर झाले, गुणही मिळाले. परंतु समीकरणातील बाणाच्या अलीकडे व पलीकडे नेमके काय घडते, हे आम्ही प्रत्येक वेळी पुरेसे उलगडून सांगितलेच असे नाही. ती उणीव अंशतः भरून काढावी, हा या लेखाचा पहिला हेतू आहे.

दुसरा हेतू एका प्रश्नाच्या उत्तराचा आहे. काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील एका विद्यार्थिनीने फळ्यावरील समीकरणाकडे बोट दाखवून विचारले होते, "सर, बाणावर लिहिलेला पारा शेवटी जातो कुठे?" आम्ही उत्तर दिले, "तो उत्प्रेरक आहे, तो खर्च होत नाही. जसाच्या तसा राहतो." तास संपला. ते उत्तर अपुरे होते, हे आम्हांस पुढे वाचनातून उमगले. तोवर ती विद्यार्थिनी शाळा सोडून गेली होती. त्या प्रश्नापाशी आपण शेवटी येऊ. आधी पाठ क्रमाने पाहू.

दुहेरी बंधाचे स्वरूप

कार्बनचा अणू चार बंध करतो. इथेन या वायूत दोन कार्बन अणू एकमेकांशी एकेरी बंधाने जोडलेले असतात आणि प्रत्येकाचे उरलेले तीन बंध हायड्रोजनशी असतात. यापेक्षा अधिक हायड्रोजन त्यांना घेता येत नाही, म्हणून इथेनला संपृक्त म्हणतात. इथीनमध्ये दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो, इथाइनमध्ये तिहेरी. इथाइन म्हणजेच वेल्डिंगच्या कामात वापरले जाणारे ॲसिटिलीन. या संयुगांत आणखी अणू सामावून घेण्यास वाव असतो, म्हणून ती असंपृक्त होत.

आकृतीत दुहेरी बंध दोन सारख्या रेघांनी दाखवतात. त्यामुळे दोन्ही बंध एकसारखे असावेत असा समज होतो. तो चुकीचा आहे. पहिला बंध दोन्ही केंद्रकांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर असतो. त्याला सिग्मा बंध म्हणतात. दुसऱ्या बंधाचे इलेक्ट्रॉन त्या रेषेच्या वर आणि खाली पसरलेले असतात. तो पाय बंध. केंद्रकांची पकड त्याच्यावर तुलनेने सैल असते. आकड्यांत सांगायचे तर कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडण्यास प्रतिमोल सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते, तर दुहेरी बंध पूर्ण तोडण्यास सुमारे ६१०. म्हणजे दुसऱ्या बंधाचा वाटा जेमतेम २६० चा. दुहेरी बंध एकेरीपेक्षा मजबूत खरा, पण दुप्पट मजबूत नाही.

हा कमकुवत पाय बंध उघडतो, त्याच्या जागी दोन नवे सिग्मा बंध तयार होतात आणि येणाऱ्या रेणूचे दोन भाग दोन कार्बनवर जाऊन बसतात. यात काहीही बाहेर पडत नाही. दोन रेणूंचा एक रेणू होतो. हीच समावेशन अभिक्रिया. संपृक्त संयुगांच्या प्रतिष्ठापन अभिक्रियेत एक अणू येण्यासाठी दुसऱ्याला जागा सोडावी लागते. येथे कोणालाही घर सोडावे लागत नाही.

ब्रोमीनचा रंग कोठे जातो?

असंपृक्तता ओळखण्याची परिचित कसोटी ब्रोमीन जलाची आहे. तांबूस-पिवळ्या ब्रोमीन जलातून इथीन सोडले की रंग नाहीसा होतो. अंधारात इथेन सोडले तर तो तसाच राहतो. पाठ्यपुस्तकात याचे समीकरण एका ओळीत असते. परंतु ब्रोमीनचे दोन्ही अणू एकाच क्षणी येऊन बसतात काय?

याचे उत्तर एका साध्या युक्तीने मिळते. ब्रोमीन जलात आपले नेहमीचे मीठ विरघळवावे आणि मग त्यातून इथीन सोडावे. मिठाच्या द्रावणात क्लोराइड आयन असतात, पण मुक्त क्लोरीन नसतो. अभिक्रियेनंतर तपासले असता ज्यात एका कार्बनवर ब्रोमीन व दुसऱ्यावर क्लोरीन आहे असे संयुग सापडते. दोन्ही कार्बनवर क्लोरीन असलेले संयुग मात्र मिळत नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. अभिक्रिया दोन पायऱ्यांत होते. पहिल्या पायरीत ब्रोमीनच यावा लागतो. दुसऱ्या पायरीत जो ऋणप्रभारित किंवा इलेक्ट्रॉन देऊ शकणारा घटक जवळ असेल, तो येऊ शकतो. साध्या ब्रोमीन जलात तर सर्वांत जवळ पाणीच असते. म्हणून तेथे एका कार्बनवर ब्रोमीन व दुसऱ्यावर हायड्रॉक्सिल गट असलेले ब्रोमोइथेनॉलच मोठ्या प्रमाणात तयार होते.

आता पायऱ्या पाहू. ब्रोमीनचा रेणू इथीनच्या पाय बंधाजवळ आला की त्या इलेक्ट्रॉनांच्या प्रभावाने रेणूचे इलेक्ट्रॉन दूरच्या टोकाकडे ढकलले जातात. जवळचे टोक किंचित धनप्रभारित होते. ते टोक पाय बंधाचे इलेक्ट्रॉन घेऊन कार्बनशी जोडले जाते आणि दूरचा अणू ब्रोमाइड आयन होऊन सुटतो. जोडलेला ब्रोमीन दोन्ही कार्बनना एकाच वेळी धरून तीन अणूंचे धनप्रभारित वलय बनवतो. ही कल्पना रॉबर्ट्स व किंबॉल यांनी १९३७ मध्ये मांडली. वलयाची एक बाजू ब्रोमीनने अडवलेली असल्याने दुसरा घटक विरुद्ध बाजूनेच येतो.

इलेक्ट्रॉनांच्या शोधात येणाऱ्या अशा घटकाला इलेक्ट्रॉनस्नेही म्हणतात. हा एक शब्द नीट समजला की या पाठातील निम्मी समीकरणे पाठ करावी लागत नाहीत.

मार्कोव्हनिकोव्हचा नियम आणि त्याचा अपवाद

इथीनचे दोन्ही कार्बन सारखे असल्याने कोणता अणू कोठे बसतो हा प्रश्न येत नाही. प्रोपीनमध्ये मात्र दुहेरी बंधाचा एक कार्बन टोकाचा व दुसरा मधला असतो. त्यावर हायड्रोजन ब्रोमाइडची अभिक्रिया केली तर ब्रोमीन कोठे बसेल? रशियन रसायनशास्त्रज्ञ व्लादिमिर मार्कोव्हनिकोव्ह यांनी अशा अभिक्रियांचा अभ्यास करून १८६९ मध्ये नियम मांडला : ज्या कार्बनवर आधीच अधिक हायड्रोजन आहेत, त्याच्यावरच नवा हायड्रोजन जातो. त्यामुळे ब्रोमीन मधल्या कार्बनवर बसतो.

"ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी" असे म्हणून विद्यार्थी हा नियम लक्षात ठेवतात. पण ते कारण नव्हे. येथे प्रथम येणारा इलेक्ट्रॉनस्नेही हा हायड्रोजनचा धन आयन असतो. तो टोकाला बसला तर धनप्रभार मधल्या कार्बनवर येतो. मध्ये बसला तर धनप्रभार टोकावर येतो. मधल्या कार्बनला दोन्ही बाजूंनी कार्बनचा शेजार असतो. ते शेजारी आपले थोडे इलेक्ट्रॉन त्याच्याकडे झुकवतात आणि प्रभाराचा भार वाटला जातो. टोकाच्या कार्बनला असा एकच शेजारी असतो. म्हणून पहिला मार्ग सोपा ठरतो आणि अभिक्रिया त्याच मार्गाने जाते.

यानंतर कित्येक वर्षे एक कोडे शिल्लक होते. हायड्रोजन ब्रोमाइडच्या बाबतीत काही प्रयोगशाळांना नियमानुसार पदार्थ मिळे, तर काहींना नेमका उलट. एकच व्यक्ती तोच प्रयोग पुन्हा करी आणि निष्कर्ष बदले. शिकागो विद्यापीठातील मॉरिस खराश व फ्रँक मेयो यांनी १९३३ मध्ये याचा उलगडा प्रसिद्ध केला. हवेच्या संपर्कात राहिलेल्या अल्कीनमध्ये परॉक्साइडचा अंश तयार होतो आणि तोच अभिक्रियेची दिशा फिरवतो. परॉक्साइड असताना प्रथम येतो तो हायड्रोजनचा आयन नव्हे, तर ब्रोमीनचा मुक्त अणू. तोही टोकालाच बसतो, कारण उरलेला एकटा इलेक्ट्रॉन मधल्या कार्बनवर अधिक सुखाने राहतो. हायड्रोजन नंतर येऊन मध्ये बसतो. हायड्रोजन क्लोराइड व हायड्रोजन आयोडाइड यांच्या बाबतीत हा परिणाम दिसत नाही.

म्हणजे नियम मोडला असे दिसले, तरी त्यामागचे कारण मोडले नव्हते. फक्त प्रथम येणारा बदलला होता. परस्परविरोधी निष्कर्ष नोंदवणारे खोटे बोलत नव्हते. एक गोष्ट कोणाच्याही नोंदवहीत लिहिली जात नव्हती, इतकेच. प्रयोगवहीत बाटली किती जुनी आहे हेही लिहा, असा आग्रह आम्ही का धरतो, ते आता वाचकांच्या ध्यानात येईल.

तिहेरी बंध : अधिक, परंतु संथ

अल्काइनमध्ये एक सिग्मा व दोन पाय बंध असतात. त्यामुळे समावेशन दोन टप्प्यांत होऊ शकते. इथाइन प्रथम ब्रोमीनचा एक रेणू घेऊन दुहेरी बंधाचे संयुग बनते. पुन्हा एक रेणू घेतला की चार ब्रोमीन असलेले संपृक्त संयुग तयार होते.

येथे परीक्षेत हमखास होणारी एक चूक सांगणे आवश्यक आहे. "पाय बंध दोन, म्हणून वेगही अधिक," असे अनेकजण लिहितात. वस्तुस्थिती उलट आहे. ब्रोमीनसारख्या इलेक्ट्रॉनस्नेहींशी अल्काइन सामान्यतः अल्कीनपेक्षा संथपणे अभिक्रिया करतात. तिहेरी बंधात कार्बन अणू अधिक जवळ येतात. इथेनमध्ये त्यांच्यातील अंतर १५४ पिकोमीटर, इथीनमध्ये १३४, तर इथाइनमध्ये केवळ १२० असते. तेथील इलेक्ट्रॉन केंद्रकांनी अधिक घट्ट धरलेले असतात आणि मध्यंतरी तयार होणारा धनप्रभारित घटकही कमी स्थिर असतो. संपत्ती जास्त असणे आणि ती सहज देता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वयंपाकघरातील उदाहरण

पालकांना हा विषय दूरचा वाटू नये म्हणून तेलाचे उदाहरण घेऊ. खाद्यतेलांच्या रेणूंत लांब कार्बन साखळ्या असतात आणि त्यांत दुहेरी बंध असतात. ते किती, हे आयोडीन मूल्यावरून कळते. १०० ग्रॅम तेल जितके ग्रॅम आयोडीन सामावून घेते, तो आकडा म्हणजे आयोडीन मूल्य. शुद्ध आयोडीन हे काम फार संथ करतो, म्हणून प्रयोगशाळेत आयोडीन मोनोक्लोराइड वापरून ते काढतात. खोबरेल तेलाचे मूल्य १० च्या आसपास, शेंगदाणा तेलाचे ९० च्या, करडईचे १४० च्या आणि जवसाच्या तेलाचे १८० च्या आसपास असते. थंडीत खोबरेल गोठते आणि करडईचे तेल वाहते राहते, याचे कारण या आकड्यांत बरेचसे दडलेले आहे.

फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल सबात्ये यांनी निकेलच्या सूक्ष्म चूर्णाच्या साहाय्याने असंपृक्त संयुगांत हायड्रोजन समाविष्ट करण्याची रीत शोधली. त्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जर्मनीतील विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ मध्ये हीच रीत तेलांसाठी वापरण्याचे पेटंट घेतले आणि वनस्पती तुपाचा उद्योग उभा राहिला. इथीनमध्ये हायड्रोजन समाविष्ट होताना प्रतिमोल १३७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तरीही निकेलशिवाय ही अभिक्रिया सामान्य तापमानाला पुढे सरकत नाही, कारण मधला चढ फार उंच असतो. उत्प्रेरक तो चढ कमी करतो.

मात्र हायड्रोजनीकरण अर्धवट थांबवले, तर एक अनपेक्षित गोष्ट घडते. निकेलच्या पृष्ठभागावर एक हायड्रोजन जोडला जातो, बंध एकेरी होतो, साखळी वळते, आणि दुसरा हायड्रोजन येण्याआधीच एक निघून जातो. दुहेरी बंध पुन्हा तयार होतो, पण आता साखळीचे दोन भाग विरुद्ध बाजूंना असतात. हेच ट्रान्स मेद. ते हृदयविकाराचा धोका वाढवतात, हे सिद्ध झाल्यावर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल व मेदांतील त्यांची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. अभिक्रिया तीच, ती अर्ध्यावर सोडल्याचा परिणाम मात्र वेगळा.

इथीनचे रेणू एकमेकांतच समाविष्ट होत गेले की पॉलिथिन तयार होते. ते इंग्लंडमध्ये १९३३ साली प्रथम हाती आले. तयार साखळीत पाय बंध उरत नाही, म्हणून ती सहजासहजी कशाशीच अभिक्रिया करत नाही. पाण्याच्या टाकीसाठी हा गुण आहे. गटारीत अडकलेल्या पिशवीसाठी तोच दोष आहे.

बाणावरचा पारा

आता त्या प्रश्नाकडे येऊ. इथाइनमध्ये पाणी समाविष्ट करण्याची अभिक्रिया मिखाईल कुचेरोव्ह यांनी १८८१ मध्ये शोधली. सौम्य सल्फ्युरिक आम्ल व मर्क्युरिक सल्फेट यांच्या उपस्थितीत, सुमारे ६० अंश सेल्सिअसला, इथाइन पाणी सामावून घेते. प्रथम व्हिनिल अल्कोहोल तयार होते; ते अस्थिर असल्याने त्यातील हायड्रोजन जागा बदलतो आणि ॲसिटाल्डिहाइड मिळते. येथे मर्क्युरी आयन तिहेरी बंधाच्या इलेक्ट्रॉनांशी जोडला जातो, बंध पाण्यासाठी खुला करतो आणि काम झाल्यावर मोकळा होतो. कागदावर तो खरोखरच खर्च होत नाही.

जपानच्या क्युशू बेटावरील मिनामाता या गावी चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून याच अभिक्रियेने ॲसिटाल्डिहाइड तयार केले जाई. प्रत्यक्ष टाकीत पारा जसाच्या तसा राहत नव्हता. त्याचा काही भाग धातुरूपात जाई आणि थोडा भाग दुय्यम अभिक्रियेने मिथिल मर्क्युरी या अत्यंत विषारी संयुगात बदले. सांडपाण्याबरोबर ते उपसागरात गेले, तेथून शिंपल्यांत व माशांत, आणि माशांवर जगणाऱ्या कोळी कुटुंबांच्या अन्नात. आधी मांजरे वेड्यासारखी उड्या मारून मरू लागली. मग माणसांचे हातपाय बधिर झाले, दृष्टी आक्रसली, बोलणे अडखळले. विषबाधा झालेल्या मातांची बालके जन्मतःच विकलांग निघाली.

१ मे १९५६ रोजी कंपनीच्याच रुग्णालयाचे संचालक डॉ. हाजिमे होसोकावा यांनी या अज्ञात विकाराची माहिती आरोग्य केंद्राला दिली. १९५९ मध्ये त्यांनी कारखान्यातील सांडपाणी मांजराच्या अन्नात मिसळून पाहिले. मांजराला तोच आजार झाला. तो निष्कर्ष कंपनीने उघड होऊ दिला नाही. ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले आणि त्याच वर्षी जपान सरकारने मिथिल मर्क्युरी हेच कारण असल्याचे मान्य केले. १९७० मध्ये मृत्यूशय्येवरून दिलेल्या साक्षीत डॉ. होसोकावा यांनी त्या प्रयोगाची हकीकत सांगितली. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणारा २०१३ चा आंतरराष्ट्रीय करार मिनामाताच्याच नावाने ओळखला जातो.

रसायनशास्त्राने या अभिक्रियेला पर्यायही दिला. इथीनपासून पॅलॅडियम व तांब्याच्या क्लोराइडच्या साहाय्याने ॲसिटाल्डिहाइड तयार करण्याची वाकर पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाली, आणि पाऱ्याची गरज उरली नाही. म्हणून दोष अभिक्रियेचा नव्हता. बाणावर काय लिहिले आहे, त्याचे पुढे काय होते, हे ज्यांना विचारायचे होते त्यांनी वेळेवर विचारले नाही आणि ज्याला उत्तर सापडले त्याला बोलू दिले गेले नाही.

समारोप

समावेशन अभिक्रियेचा अभ्यास करताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत, असे आम्ही आता वर्गात सांगतो. प्रथम कोण येतो? तो कोठे बसल्यास मधली अवस्था अधिक स्थिर राहते? आणि समीकरणात न दाखवलेले काय शिल्लक राहते? पहिले दोन प्रश्न परीक्षेसाठी पुरेसे आहेत. तिसरा प्रश्न एका विद्यार्थिनीने आम्हांस शिकवला.

आज आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी कारखान्यांत, प्रयोगशाळांत, वेल्डिंगच्या दुकानांत, दवाखान्यांत व शेतांत काम करीत आहेत. त्यांच्या हाताखालून रोज कितीतरी पदार्थ जातात. त्यांपैकी प्रत्येकाने तो तिसरा प्रश्न आपल्या कामाच्या जागी एकदा तरी विचारावा, अशी आमची अपेक्षा आहे. आणि ही स्मरणिका त्या विद्यार्थिनीच्या हाती पडली, तर तिला इतकेच कळवायचे आहे : तुझा प्रश्न बरोबर होता. पारा जसाच्या तसा राहत नाही. उत्तर देण्यास आम्हांला उशीर झाला.